सुपरमॅन मोसमकाठी उतरला

टीव्हीवरची विनोदी मालिका गाजली, की त्याच मंडळींना घेऊन परदेशात एक मोठा चित्रपट किंवा विशेष भाग काढायचा, ही ब्रिटनमधली जुनी रीत. 1977 मध्ये ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’मधले दुकानातले नोकर स्पेनला सुटीवर गेले. 1991 च्या नाताळात ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’चे ट्रॉटर बंधू मायामीत पोहोचले आणि 2007 मध्ये मिस्टर बीन फ्रान्सभर भटकला. आपल्याकडे ‘चला हवा येऊ द्या’ची मंडळी 2018 मध्ये विश्वदौऱ्यावर निघाली, तर ‘खिचडी’चं पारेख कुटुंब 2023 मध्ये पांथुकिस्तान नावाच्या कल्पित देशात जाऊन आलं.

खान्देशात मात्र गाडी उलट दिशेने धावली. विमानाच्या तिकिटाचा प्रश्नच नव्हता, म्हणून इथल्या हौशी मंडळींनी परदेशी नायकालाच आपल्या गावी बोलावलं.

हे घडलं मोसम नदीकाठच्या मालेगावात. 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला, तोवर मालेगाव खान्देशातच होतं आणि धुळ्याशी त्याचं जाणंयेणं आजही मुंबई–आग्रा रस्त्याने रोजचं आहे. गाव यंत्रमागांचं. शुक्रवारी माग बंद, हातात आठवड्याची मजुरी आणि करमणूक म्हणजे सिनेमा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी या प्रेक्षकाची नस ओळखली. दोन व्हीसीआर जोडून तुकडे जुळवत ते संकलन शिकले आणि 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ घेऊन आले. गावातलीच माणसं पडद्यावर दिसू लागली आणि गाव लोटलं.

त्यानंतर त्यांनी हात घातला तो थेट ‘सुपरमॅन’ला. नायक शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारे, अंगाने काडी. चड्डीची नाडी बाहेर लोंबणारा हा सुपरमॅन मालेगावच्या धुराने दम्याचा रोगी झालेला, आणि खलनायकाला घाणीचं भारी प्रेम. उडण्याचं दृश्य घ्यायचं तर शफीक यांना आडव्या दांड्यावर पोटावर निजवायचं, मागे हिरवं कापड ताणायचं आणि नंतर त्या हिरव्याच्या जागी आकाश भरायचं. क्रेनच्या जागी बैलगाडी, ट्रॉलीच्या जागी सायकल. कॅमेरा पाण्यात पडला तर तो दुरुस्त होईपर्यंत सगळं ठप्प! चित्रीकरण सुरू असतानाच शफीक यांचं लग्नही उरकलं.

याला ‘जुगाड’ म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. चौकट कशी बांधायची, हशा नेमका कुठे येणार, कुठे कापायचं, हे ज्याला कळतं त्यालाच असा चित्रपट जमतो. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) या माहितीपटाने ही मेहनत जगाला दाखवली. भारतातल्या चित्रपटगृहांत तो 2012 मध्ये लागला, पण तोवर शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. त्यांच्या सुपरमॅनचं भांडण गावातल्या घाणीशी आणि गुटख्याच्या पिचकाऱ्यांशी होतं, हे आठवलं की आजही गलबलून येतं.

मग मालिकेचीही वेळ आली. नासिर यांचा ‘मालेगाव का चिंटू’ सब टीव्हीवर झळकला. त्यात संवाद नव्हते, सगळा खेळ हालचालीचा आणि चेहऱ्याचा. चॅप्लिन आणि बस्टर कीटनची परंपरा, जिच्यातून मिस्टर बीनही आला, यंत्रमागाच्या गावातून देशभर दिसली. ब्रिटनने बीनला पॅरिसमार्गे कानला धाडलं. चिंटूला गल्ली पुरली. विनोदाला परदेशाची गरज असतेच असं नाही, हे इतक्या सरळपणे दुसऱ्या कुणी दाखवल्याचं आठवत नाही.

पुढे पार्लरं बंद पडली आणि मोबाइल आला. मालेगावच्याच शफीक छोटूंचा ‘छोटू दादा ट्रॅक्टरवाला’ यूट्यूबवर शंभर कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. जळगाव-धुळ्याची कधी वाट न तुडवलेल्या मुलांनीही तो पाहिला असणार. नासिर आणि मंडळींची गोष्ट सांगणारा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट 2024 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि 28 फेब्रुवारी 2025 रोजी देशात प्रदर्शित झाला. वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेल्या त्या चित्रपटात नासिरची भूमिका आदर्श गौरव यांनी केली, सुपरमॅन झालेल्या शफीकची शशांक अरोरा यांनी. छोटूच्या व्हिडिओंच्या शीर्षकात मात्र मालेगावपेक्षा मोठं नाव लागतं: ‘खान्देश हिंदी कॉमेडी’.