मोबाइलवरचे ट्रोल : उत्तर कुठवर द्यावे, कुठे थांबावे?

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या मुलांच्या मोबाइलवर एक ठरलेला प्रकार सुरू होतो. जयंतीच्या फोटोखाली कोणी अनोळखी माणूस आरक्षणावरून टोमणा मारतो, बाबासाहेबांबद्दल वाईटसाईट लिहितो, आपल्या मुलींच्या फोटोखाली घाण शब्द टाकतो. मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शिवीला शिवी. सकाळी डोके जड, कामावर उशीर आणि राग निघतो घरच्यांवर. म्हणून या वेळी आम्ही हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

असे मुद्दाम डिवचणाऱ्याला 'ट्रोल' म्हणतात. चालत्या नावेमागे आमिष लावलेला गळ ओढत नेऊन मासे पकडतात, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. ट्रोलचे कामही तेच. त्याला चर्चा नको असते. कोणीतरी चिडून गळाला लागावे एवढेच त्याला हवे असते.

शरीरावर काय होते?

शिवी वाचली की शरीर तिला धोका समजते. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, रक्तदाब काही वेळ वाढतो. समोर माणूस असता तर भांडण होऊन विषय संपला असता. मोबाइलवर तो संपत नाही. दर पाच मिनिटांनी नवे उत्तर येते आणि शरीर पुन्हा ताठ होते. झोप उडते, भूक मरते, ॲसिडिटी वाढते. ज्यांना बीपी किंवा शुगर आहे त्यांनी हे जास्त जपावे.

एका पोस्टची किंमत

१३ मे २०२३ च्या रात्री आपल्याच अमरावती विभागातल्या अकोला शहरात इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टवरून दोन गट भिडले. दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या, एका माणसाचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले, पुढे अटका झाल्या. पोस्ट लिहायला एक मिनिट लागते. कोर्टाच्या तारखा मात्र वर्षानुवर्षे चालतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलावर एक गुन्हा नोंदला गेला तर चारित्र्य पडताळणीत तो पुढे येतो. नुकसान ट्रोलचे होत नाही, वस्तीतल्या घराचे होते.

समोरचा ट्रोलच आहे हे कसे ओळखावे?

इथे घाई करू नये. प्रत्येक टोचणारा प्रश्न विचारणारा ट्रोल नसतो. समजा कोणी लिहिले, "आरक्षण तर दहाच वर्षांसाठी होते, अजून का?" हे ट्रोलही लिहितो आणि फॉरवर्ड वाचून गोंधळलेला आपल्या वर्गातला मुलगाही लिहितो. म्हणून प्रश्नावरून ठरवू नका. उत्तर मिळाल्यावर तो काय करतो ते पाहा.

एकदा शांतपणे लिहा : दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभा आणि विधानसभेतल्या राखीव जागांना. ती संविधानाच्या कलम ३३४ मध्ये आहे आणि संसदेने ती वेळोवेळी वाढवून जानेवारी २०३० पर्यंत नेली आहे. शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणाला तशी मुदत संविधानात नाही.

ज्याला खरेच जाणून घ्यायचे आहे तो पुढचा प्रश्न विचारेल किंवा गप्प बसेल. ट्रोल तोच प्रश्न पुन्हा टाकेल, विषय बदलेल, नाहीतर आईबहिणीवर येईल. त्याचे खाते बहुधा नवे आणि बिनफोटोचे असते, आणि तेच वाक्य त्याने दहा ठिकाणी चिकटवलेले असते. इतके दिसले की थांबा. तुमचे पहिले उत्तर वाया गेलेले नाही. काही न लिहिता वाचणारे शंभर लोक असतात, ते त्यांच्यासाठी होते.

न स्वीकारणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

अक्कोस भारद्वाजाची गोष्ट आपल्या घराघरात माहीत आहे. राजगृहाच्या वेळुवनात तो तथागतांना शिव्या देत आला. तथागतांनी त्याला विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात, त्यांच्यापुढे तू जेवण ठेवतोस. त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तसेच या शिव्यांचे आहे, असे तथागतांनी त्याला समजावले. तथागत गप्प बसले नाहीत आणि शिवीही परत केली नाही. महाडनंतर ३ एप्रिल १९२७ ला बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' काढले आणि विरोधकांच्या टीकेला त्यात मुद्देसूद उत्तरे दिली. आपली रीत तीच असावी.

प्रत्यक्षात काय करावे?

पहिले, वाचल्यावर लगेच लिहू नका. मोबाइल खाली ठेवा, पाणी प्या, अंगणात दहा मिनिटे फिरा. शक्य असेल तर उत्तर सकाळी लिहा.

दुसरे, पुरावा ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये नाव, नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पोस्टची लिंकही जपून ठेवा. मग रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा. तो मजकूर "बघा काय लिहिले" म्हणून गटागटात पाठवू नका. तसे केले की ट्रोलचे काम आपणच पूर्ण करतो.

तिसरे, ग्रुपच्या ॲडमिनने जागे राहावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले की, सदस्याच्या मजकुरात ॲडमिनचा सामील हेतू नसेल तर केवळ ॲडमिन म्हणून त्याच्यावर गुन्हा लागत नाही. तरी घाण मजकूर काढून टाकणे आणि टाकणाऱ्याला बाहेर करणे ॲडमिनच्या हातात आहे. ते त्याने करावे.

चौथे, मुलीने अशी गोष्ट घरी सांगितली तर तिचा मोबाइल काढून घेऊ नका. काढून घेतला तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही. "तुझी चूक नाही" हे आधी म्हणा.

थांबायचे नाही असे केव्हा?

जातीवरून शिवी, धमकी, मुलीचे फोटो बिघडवणे, बाबासाहेबांची विटंबना हा टोमणा नाही, गुन्हा ठरू शकतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे ॲट्रॉसिटी कायदा आपल्यालाही लागू आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, अनुसूचित जातीच्या लोकांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हाही त्या कायद्यात गुन्हा आहे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा लागतो. पुरावा घेऊन, जाणत्या माणसाला सोबत घेऊन ठाण्यात जा. जमाव नेऊ नका. तक्रारीची प्रत मागून घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. अत्याचारविरोधी मदतीसाठी १४५६६ आणि तातडीच्या धोक्यात ११२ हे नंबर आहेत.

मनाला लागले असेल तर

दोन आठवडे झोप लागत नसेल, कामात मन नसेल, जगणे नको वाटत असेल तर वाट पाहू नका. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत नंबरवर बोलता येते. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवता येते. तापाला औषध घेतो तसेच हे आहे, यात लाज नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात यावर अर्धा तास बोला. मुलामुलींनाच आधी बोलू द्या, आपण ऐका. कोणाला काय लिहून आले आहे हे मोठ्यांना बहुधा तिथेच पहिल्यांदा कळेल.