डहाणूची एक अट : लेखांक सहावा

मागील लेखांकात कोळशाच्या राखेचा विचार केला; आज धुराचा, आणि त्या धुरावर घातलेली एक अट वर्षानुवर्षे सुटू न देणाऱ्या माणसांचा विचार करावयाचा आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूवाडीत जो कधी शिरला असेल, त्याला भर दुपारीही तेथे दाटलेली सावली आणि बांबूच्या टोकाला जाळी बांधून एकेक फळ अलगद उतरवून घेणारे आदिवासी मजूर खचित आठवतील. चिकू बारमाही फुलतो व बारमाही फळतो. हवा बिघडली तर त्या झाडाला सवडीचा असा एकही महिना उरत नाही.

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविणाऱ्या कंपनीने याच तालुक्यात ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभारण्याची तजवीज केली, तेव्हा डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण गटाने आधी उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प थांबविण्यास नकार दिला. तथापि धुरातील गंधकाचा वायू काढून घेणारी यंत्रणा बसविण्याची जी अट केंद्र सरकारने मंजुरी देताना घातली होती, ती परिणामांचा पूर्ण विचार केल्यावाचून शिथिल करू नये, असे त्याच निकालात नमूद झाले. आणि हरलेल्या पक्षाने पुढची सारी लढाई या एका कलमाच्या आधारावर लढविली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमावरून निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. त्यानंतर मुदती, अपिले आणि बँक हमीचा तंटा हे सारे सोपस्कार होऊन ती प्रत्यक्ष सुरू व्हावयास २००७ साल उजाडले. तारखेमागून तारीख पडत असता तेच दप्तर काखोटीला मारून पुन्हा हजर राहणे, हे मोर्चा काढण्याहून कठीण काम होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता यंत्रणेचे रहस्य पाहू. समुद्राचे पाणी स्वभावतःच किंचित अल्कधर्मी असते. त्याचा फवारा धुरावर सोडला की गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, त्यात विरघळतो आणि हवेच्या संयोगाने त्याचे सल्फेट बनते, जे सागरजलात मुळातच विपुल असते. परंतु या क्रियेत पाण्यातील बायकार्बोनेट खर्ची पडून थोडा कार्बन डायऑक्साइड उलट नव्याने बाहेर पडतो! कोळशाच्या विजेच्या एका युनिटामागे हा वायू साधारण एक किलो निघतो. म्हणजे ५०० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर दर तासाला सुमारे ५०० टन. तो चिकूचे पान करपवीत नाही, नाकाला झोंबत नाही, म्हणून अर्जात लिहिला जात नाही. पण पृथ्वीचा ताप वाढविणारा प्रमुख वायू तोच. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी धूलिकण, गंधक, नत्र व पारा यांच्या मर्यादा ठरविल्या. त्या यादीत कार्बनचे नाव नाही. गावकऱ्यांनी कोणत्या कलमाला धरावे? ते कलमच अद्याप लिहिले गेलेले नाही, आणि ते लिहवून घेणे हे यापुढील चळवळीचे पहिले कर्तव्य आहे.

जे लिहिलेले आहे तेही निसटू शकते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातील बहुसंख्य औष्णिक केंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून सूट दिली. ज्यांच्या गावाशेजारी असे केंद्र असेल, त्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्याच्या मंजुरीपत्राची प्रत मिळवून त्यातील अटी एकदा मुळातून वाचाव्यात. त्या अटींच्या पालनाचा अहवाल मंजुरी घेणाऱ्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी सादर करावयाचा असतो, आणि तो पाहण्याचा हक्क कोणाही नागरिकास आहे.