मृग कोण, व्याध कोण?

दिवाळीत रात्री दहाच्या सुमारास, फटाक्यांचा धूर विरला असेल तर, गच्चीवर जाऊन पूर्वेकडे बघावं. एका ओळीत तीन तारे, भोवती चौकोनात चार. लहानपणी आपल्याला सांगितलेलं असतं, की ते चार म्हणजे मृगाचे पाय, मधले तीन म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण, आणि तासा-दीड तासाने मागोमाग उगवणारा तो झगझगीत तारा म्हणजे बाण मारणारा व्याध. हेच तारे स्पेनमधल्या माणसाला दाखवा. तो म्हणेल, हा तर ‘काथादोर’, शिकारी! ते तीन तारे त्याच्या कमरेचा पट्टा, लोकांच्या बोलण्यात ‘तीन मारिया’. आणि आपला व्याध? तो त्या शिकाऱ्याचा कुत्रा.

आपल्या हरणाला ते शिकारी म्हणतात आणि आपल्या शिकाऱ्याच्या गळ्यात त्यांनी पट्टा बांधलाय! या शब्दामागे मी लागलो तो इथून. पुढे तो चित्रांत भेटला, सिनेमात भेटला, सैन्यात, कपड्यांच्या दुकानात आणि समुद्राच्या तळाशीही भेटला. आणि बहुतेक ठिकाणी हाच घोळ दिसला. ज्याच्या नावात शिकारी, तोच सापळ्यात. स्पॅनिशमध्ये त्यासाठी ‘काथादोर काथादो’ असा वाक्प्रचारच आहे. शिकार करायला गेला आणि स्वतःच शिकार झाला.

शब्दाचं कूळ तसं साधं. लॅटिनमध्ये ‘कापेरे’ म्हणजे पकडणं. त्यातून बोलीभाषेतलं एक क्रियापद निघालं आणि त्याची पिल्लं युरोपभर पसरली: स्पॅनिश ‘काथार’, पोर्तुगीज ‘कासार’, इटालियन ‘काच्चारे’, फ्रेंच ‘शासे’. फ्रेंचांच्याच दोन बोलींतून ते दोनदा इंग्रजीत शिरलं, एकदा ‘चेस’ म्हणून आणि एकदा ‘कॅच’ म्हणून. वानखेडेवर धावांचा चेस चालू असताना स्लिपमध्ये कॅच उडतो, तेव्हा एकाच आईची दोन लेकरं मैदानात असतात.

उच्चाराची एक गंमत आहे. स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘काथादोर’ म्हणताना जीभ दातांना लागते. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत मात्र तो सरळ ‘कासादोर’ होतो. आता ‘कासार’ म्हणजे लग्न करणं किंवा लावून देणं, हे वेगळंच क्रियापद तिथे आधीपासून बसलेलं. त्यामुळे अर्धं जग पसरलेल्या त्या मुलखात शिकार करणं आणि लग्न करणं कानाला एकसारखंच ऐकू येतं. यावर किती विनोद झाले असतील ते सांगायला नको. पोर्तुगीजांनी या दोन शब्दांचे उच्चार वेगळे ठेवले, म्हणून गोव्यात हा घोटाळा झाला नाही. त्यांच्या लग्नाच्या क्रियापदावरून कोकणीत ‘काजार’ आलं आणि ते आजही थाटात लागतं.

स्पॅनिश माणूस हे क्रियापद ऊठसूट वापरतो. एखाद्याला पटकन कळतं, तर तो गोष्टी ‘उडता उडता टिपतो’. कंपन्यांसाठी हुशार माणसं हेरणारा तो ‘काथातालेन्तोस’, गुणांचा शिकारी. फुलपाखरं पकडायची जाळी, बक्षिसासाठी गुन्हेगार धरून देणारा, पैशावर डोळा ठेवून लग्न जमवणारा, या सगळ्यांच्या नावात सुरुवातीला ‘काथा’ आहे. लढाऊ विमान तर नुसतंच ‘काथा’. शिडाची दोरी खेचून घट्ट करायची, तर खलाशी तिचीही शिकारच करतात. कपड्यांच्या दुकानातली गोष्ट याहून मजेची. माद्रिदमध्ये ‘काथादोरा’, म्हणजे व्याकरणाने शिकारीण, मागितलीत तर हातात जॅकेट पडेल, कमरेपर्यंतचं, कातड्याचं किंवा डेनिमचं. पूर्वी शिकारी घालत त्या आखूड कोटाचं हे नाव. मेक्सिकोत त्याच कपड्याला ‘चामार्रा’ म्हणतात, अर्जेंटिनात ‘कांपेरा’. कोस्टारिकातल्या जुन्या माणसांना ‘शिकारीण’ म्हटलं की प्रवाशांची बस आठवते, तर व्हेनेझुएलात शेताच्या बांधावरून सळसळत जाणारा साप.

स्पेनमधला खरा शिकारी बघायचा तर माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जावं. शहराबाहेर एल पार्दोच्या रानात चौथ्या फेलिपे राजाचा ‘तोर्रे दे ला पारादा’ नावाचा शिकारमहाल होता. त्यासाठी वेलाथ्केथने १६३०च्या दशकात तीन चित्रं काढली: शिकारी राजा, शिकारी भाऊ आणि शिकारी राजपुत्र. बाल्तासार कार्लोस हा राजपुत्र तेव्हा सहा वर्षांचा. चित्रात त्याच्या हातात बंदूक आहे आणि पायाशी कुत्रा पसरलाय. तिघांच्याही अंगावर जरतार नाही, मुकुट नाही. शिकारीचा साधा पोशाख घालूनही जो राजा दिसतो तोच खरा राजा, असा त्यामागचा हिशेब असावा.

दीडशे वर्षांनी गोयाने तिसऱ्या कार्लोसला असंच उभं केलं, पण हिशेब पार बदलून. त्याचा राजा उन्हाने रापलेला, नाक लांबलचक, चेहऱ्यावर सुरकुत्या, ओठांवर मिस्कील हसू. पायाशी कुत्रा, तोही गाढ झोपलेला. हा कार्लोस जवळपास रोज शिकारीला जाई. बाप आणि सावत्र भाऊ, दोघेही राजे असताना विषण्णतेने खचले होते. आपल्याला ते दुखणं जडू नये म्हणून तो घराबाहेर पडे, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. म्हणजे राजाच्या मागे काहीतरी लागलं होतं आणि त्याला चुकवायला तो सशांच्या मागे लागला होता. गोयाला शिकाऱ्याचं अंग ठाऊक होतं, कारण तो स्वतः शिकारीचा भोक्ता. दरबारासाठी त्याने १७७५ साली केलेलं पहिलं कामसुद्धा एल एस्कोरियालमधल्या भोजनदालनाच्या भित्तिपटांसाठी काढलेल्या शिकारीच्या चित्रांचं.

आणि डॉन किखोते? त्याची ओळख करून देताना सेर्व्हांतेस पहिल्याच प्रकरणात सांगतो, की हा गृहस्थ पहाटे उठणारा, शिकारीचा शौकीन, दारी एक वेगवान शिकारी कुत्रा बाळगणारा. मग पुस्तकांचा नाद लागला आणि शिकार सुटली. दुसऱ्या भागात, १६१५ साली, त्याला रानात एक देखणी डचेस भेटते, हातावर शिकारी पक्षी घेतलेली. ती आणि तिचा नवरा त्याला वाड्यावर नेतात, राजासारखा मान देतात आणि प्रकरणामागून प्रकरणं त्याची थट्टा करून घेतात. मला तो भाग वाचताना नेहमी वाटतं, की त्या बाईने हातावरचा पक्षी सोडला तो म्हाताऱ्यावरच.

विसाव्या शतकात शिकारी राजवाड्यातून खाली उतरला. वायादोलिदच्या मिगेल देलिबेसची ‘दियारिओ दे उन काथादोर’ ही कादंबरी १९५५ची. तिचा नायक लोरेन्सो शाळेतला शिपाई आहे. पगार तुटपुंजा, पण रविवारी पहाटे बंदूक खांद्याला लावून माळावर तित्तिराच्या मागे निघाला की हाच राजा. देलिबेस स्वतः पक्का शिकारी. आपण लिहिणारे शिकारी आहोत, शिकार करणारे लेखक नव्हे, असं तो म्हणे. म्हणूनच १९८१ साली त्याने ‘लोस सांतोस इनोसेंतेस’ लिहिली तेव्हा ती इतकी झोंबली. एक्स्त्रेमादुराच्या एका जमीनदाराच्या शेतीवर पाको नावाचा गडी आहे. त्याचं नाक इतकं तिखट, की मालक त्याला शिकारीला नेऊन जमीन हुंगायला लावतो, पडलेला पक्षी शोधायला. पाकोचा पाय मोडतो, तरी मालकाला चिंता आपल्या मोसमाची. १९८४च्या सिनेमातला तो पाको, म्हणजे आल्फ्रेदो लांदा, आणि त्याच्या मेहुण्याचं काम करणारा फ्रान्सिस्को राबाल यांना कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक विभागून मिळालं. शिकारी आणि शिकारी कुत्रा यांच्यामध्ये गडीमाणूस कुठे उभा असतो, हे इतकं उघड दाखवणारी दुसरी कलाकृती मला माहीत नाही.

कार्लोस साउराचा ‘ला काथा’ त्याआधीचा, १९६६चा. यादवी युद्ध जिंकलेल्या बाजूचे तीन प्रौढ मित्र एका तरुणाला घेऊन रणरणत्या उन्हात सशांच्या शिकारीला जातात. दरी तीच, जिथे पूर्वी लढाई झालेली. संध्याकाळपर्यंत बंदुका एकमेकांवर वळतात. हुकूमशहा फ्रँकोच्या सेन्सॉरला मूळ नावातला ‘ससा’ खटकला, कारण स्पॅनिश बोलीत त्याला चावट अर्थ आहे. ससा काढून टाकल्यावर उरलं ते नुसतं ‘शिकार’, आणि त्याने सिनेमा अधिकच भयंकर झाला. साउराला बर्लिनमध्ये दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं. सेन्सॉरने कलाकृतीवर केलेले उपकार अशी यादी कुणी केलीच, तर हा किस्सा त्यात हवा.

राजाची शिकार मात्र थांबली नव्हती. एप्रिल २०१२ मध्ये राजा हुआन कार्लोस बोत्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेला, पडला आणि कमरेचं हाड मोडून घेतलं. हाड मोडलं म्हणूनच ही सहल देशाला कळली. तेव्हा स्पेनमध्ये काम मागणाऱ्या दर चारांतल्या जवळजवळ एकाच्या हाताला काम नव्हतं. इस्पितळाच्या वऱ्हांड्यात कुबड्यांवर उभं राहून राजाने माफी मागितली. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्याला मानद अध्यक्षपदावरून दूर केलं, आणि २०१४ साली त्याने गादी सोडली.

इथे आपल्या शब्दांकडे वळून बघावंसं वाटतं. ‘शिकार’ आपण फारसीतून घेतली, ती दरबारी. तिच्याआधीपासून असलेली ‘पारध’ संस्कृतातल्या ‘पापर्द्धि’पासून आली असं मानतात, म्हणजे तिच्यात पाप मुळातच आहे. आणि पारध ज्यांचं पोट, त्या पारध्यांना इंग्रजांनी १८७१च्या कायद्याच्या आधारे जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला. वस्तीवर रात्री पोलीस येतात तेव्हा तो कितपत पुसलाय ते पारध्यांनाच विचारावं. स्पेनमध्येही राजाचा तो ‘काथादोर’ आणि त्याच रानात भुकेपोटी फास लावणारा तो ‘फुर्तिव्हो’, म्हणजे चोरटा. ससा दोघांच्या हातून सारखाच मरतो.

आता शिपाई. अठराव्या शतकात जर्मन संस्थानिकांनी रानात वाढलेले, नेम पक्का असलेले शिकारी लष्करात घेतले. रांगेत उभं राहून लढण्याऐवजी ते झाडाआडून गोळी घालत. ही युक्ती सगळ्यांनी उचलली आणि प्रत्येकाने आपल्या भाषेत त्यांना ‘शिकारी’च म्हटलं. पोर्तुगीजांनी १८०८ साली आपल्या शिकारी पलटणी उभारल्या, तपकिरी गणवेशाच्या. नेपोलियनच्या फौजांविरुद्ध त्या लढल्या वेलिंग्टनच्या हाताखाली. हा तोच वेलस्ली, ज्याने पाच वर्षांपूर्वी आपल्या जालन्याकडच्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता. स्पेनच्या डोंगरी सैन्यात आजही ‘शिकारी’ आहेत, पिरेनीजमधल्या हाका गावी.

पण या शिपायांची सगळ्यात विलक्षण कथा फिलिपिन्समधली आहे. १८९८च्या उन्हाळ्यात काथादोर पलटणीची पन्नासेक माणसं बालेर गावच्या चर्चमध्ये कोंडली गेली. बाहेर फिलिपिनो क्रांतिकारक. त्या डिसेंबरात स्पेनने तह करून फिलिपिन्स अमेरिकेला देऊनही टाकलं, पण आतल्यांना ते पटेना. बाहेरचे वर्तमानपत्रं आणून टाकत, आतले ती बनावट समजत. शेवटी लेफ्टनंट मार्तिन सेरेसोला एका अंकात कोपऱ्यातली बातमी दिसली: ओळखीच्या एका अधिकाऱ्याने मालागाला बदली मागितली होती. तो बेत त्याने फक्त सेरेसोलाच सांगितलेला, शत्रूला तो ठाऊक असणं शक्यच नव्हतं! ३३७ दिवसांनी, २ जून १८९९ला, तीसेक माणसं बाहेर आली. क्रांतिकारकांचा नेता आगिनाल्दो याने हुकूम काढला, की यांना कैदी नव्हे, मित्र म्हणून वागवावं. फिलिपिन्समध्ये त्या हुकमाची तारीख, ३० जून, आता स्पेनशी मैत्रीचा दिवस म्हणून पाळतात.

बाकीचे शिकारी भराभर सांगतो. मेक्सिकोतल्या आरांदास गावची ‘कासादोरेस’ टकीला: नाव शिकाऱ्यांचं, बाटलीवर चित्र शिंगाड्या हरणाचं. इटलीची ‘काच्चातोरा’ कोंबडी, जी मिळायला खाटकाच्या पलीकडे कुठेच जावं लागत नाही. २००७ची ‘एल काथादोर दे ला ब्रुहा’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका. नाव पुरुषी शिकाऱ्याचं, पण बंदूक चालवते ती नादिये नावाची मुलगी. आणि २०२० साली स्पेनच्या सरकारी वाहिनीवर सुरू झालेला प्रश्नमंजुषेचा ‘एल काथादोर’, ज्यात शिकारी म्हणजे चष्मा लावलेले बहुश्रुत लोक. रविवारी माळावर जाणारे खरे शिकारी मात्र चिडलेले आहेत. मार्च २०२२ मध्ये ते शेतकऱ्यांबरोबर माद्रिदच्या रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी प्राण्यांच्या कल्याणाचा कायदा झाला तेव्हा शिकारी कुत्रे त्यातून वगळले गेले. डॉन किखोतेच्या दारी होता तसला ‘गाल्गो’ जातीचा कुत्रा हंगाम संपला की रस्त्यावर सोडून देतात, अशी ओरड दर फेब्रुवारीत होते.

एक शिकारी राहिला. तिसऱ्या कार्लोसच्या काळात लुइझियाना स्पेनकडे होता आणि तिथल्या कागदी चलनाला कुणी विचारेना. राजाने चांदी पाठवायचं ठरवलं. मेक्सिकोच्या टांकसाळीतले साडेचार लाख पेसोंचे रुपे घेऊन ‘एल काथादोर’ नावाचं जहाज ११ जानेवारी १७८४ला वेराक्रूसहून न्यू ऑर्लिन्सकडे निघालं आणि नाहीसं झालं. सोळा वर्षांनी स्पेनने लुइझियाना फ्रान्सला परत दिला, १८०३ साली नेपोलियनने तो अमेरिकेला विकला. हे जहाज पोचलं असतं तर अमेरिकेचा नकाशा वेगळा झाला असता असं काही जण सांगतात. एका जहाजावर एवढा भार टाकणं मला पटत नाही, पण गोष्ट चांगली आहे.

ऑगस्ट १९९३ मध्ये लुइझियानाच्या किनाऱ्यापासून ऐंशी-एक किलोमीटरवर एका मासेमारी बोटीचं जाळं तळाशी अडकलं. बोटीचं नाव होतं ‘मिस्टेक’. जाळं वर ओढलं, तर त्यात माशांऐवजी काळी पडलेली चांदीची नाणी. बहुतेकांवर १७८३ साल आणि लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला राजा. खाऱ्या पाण्याने कुणाचे डोळे गेलेत, कुणाचे कान; ते लांबलचक नाक मात्र अजून ओळखू येतं.