जुन्या पिकअपचे बुश बदलताय? ‘जेवढं कडक तेवढं टिकाऊ’ समजू नका

वालचंदनगर : निमगाव केतकीचं डाळिंब असो की बोरीची द्राक्षं, शेतातून माल निघतो तो पिकअपनेच. सडकेला लागेपर्यंत कॅनॉलकडेचा रस्ता, चारीवरचे आदळे आणि काळ्या रानातला चिखल. दहा-बारा वर्षं असं काम केलेली गाडी मग खड्ड्यात गेली की खडखड वाजायला लागते. बरेच जण लगेच शॉकअप्सर बदलतात. खर्च होतो, पण आवाज तसाच राहतो. अशा वेळी बऱ्याचदा दोष पाट्याच्या बुशमध्ये असतो.

बुश करतो काय?

पाट्याच्या टोकाला वळवलेला गोल डोळा असतो. त्यात बुश आणि बुशमधून पिन किंवा बोल्ट. पाटा दबतो-उठतो तेव्हा होणारी हालचाल आणि हादरा बुश झेलतो. बुश झिजला की लोखंडावर लोखंड आपटतं. पाट्याचा डोळा आणि चेसिसचा ब्रॅकेटही खराब व्हायला लागतो. पन्नास-शंभराच्या कामाला मग हजारांचा खर्च लागतो.

झिजलाय हे कसं ओळखायचं?

- गाडी सपाट जागी उभी करा, चाकाला दगड लावा. पाट्याचा डोळा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये पहार घालून हलवा. डोळा सैल हलला किंवा रबर फाटून बाहेर आलेलं दिसलं, तर बुश गेला.
- मागच्या पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. फरक आला तर एक्सल सरकलाय. त्यानेच गाडी तिरकी पळते आणि टायर एका बाजूने झिजतात. मात्र पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला तरी असंच होतं, तोही बघून घ्या.

कोणता बुश घ्यायचा?

*रबर :* हादरा सगळ्यात चांगला हाच खातो. कच्च्या रस्त्याला आणि अंडी, द्राक्षं, टोमॅटो अशा नाजूक मालाला हाच बरा. डिझेल, ऑइल आणि साध्या ग्रीसने मात्र तो फुगून खराब होतो. त्यामुळे रबर बुशला ग्रीस लावू नये.

*पीयू :* लाल, पिवळ्या अशा रंगांत मिळतो. रबरापेक्षा कडक, ऑइललाही दाद देत नाही. पण हादरा कमी खातो आणि तो पुढे चेसिसवर ढकलतो. त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर कुरकुर आवाज येतो. जास्त करून डांबरीवर, ठरलेल्या वजनात चालणाऱ्या गाडीला ठीक.

*पितळी किंवा गनमेटल :* पिनला ग्रीस निपल असेल तरच. वेळेवर ग्रीस भरलं तर वर्षानुवर्षं चालतो. विसरलात तर बुशबरोबर पिनही खातो.

थोडक्यात, कंपनीने जो प्रकार दिला होता तोच पहिली पसंती. ‘कडक टाका, परत बघायला नको’ हा सल्ला प्रत्येक गाडीला लागू पडत नाही.

दुकानात जाताना

जुना बुश आणि पिन दोन्ही सोबत न्या. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे माप बदलतं. बुशचा बाहेरचा व्यास, आतलं भोक आणि लांबी व्हर्नियरने जुळवा. पिनवर बोटाला खाच लागत असेल तर पिनही बदला. झिजलेल्या पिनवर नवा बुश टिकत नाही. पक्कं बिल घ्या.

वालचंदनगर म्हणजे साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या केसिंगपर्यंत लोखंड घडवणारं गाव. लेथवर धातूचा बुश मापात करून घेणं इथं अवघड नाही. पण रबर बुशच्या जागी नुसता लोखंडी तुकडा बसवू नका. आवाज चार दिवस थांबेल, पण पुढे ब्रॅकेट जाईल.

बसवताना होणारी मोठी चूक

गाडी नुसत्या जॅकवर नको, चेसिसखाली घोडी लावा. बुश हातोड्याने ठोकण्यापेक्षा प्रेसने बसवा. डोळा अंडाकृती झाला असेल तर आधी पाट्याचं काम करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रबर बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. यात आतली नळी जागच्या जागी पक्की होते आणि रबर पिळ खाऊन काम करतं. हवेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून आधी हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे करा, मगच आवळा.

दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदला. मालाच्या एक-दोन खेपा झाल्या की यू बोल्ट परत तपासा. पुढच्या बाजूचं काम असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. तिथं जाण्याआधी पाच मिनिटं पहार घेऊन गाडीखाली वाकलात, तर चक्कर वाचेल. आणि भरल्या गाडीने उतारावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढणार नाही, हे त्याहून मोलाचं.