हिरवळीची कड आणि भरवशाचे यंत्र

पावसाळा सरत आला म्हणजे बंगल्यापुढील हिरवळ दाट होते. परंतु तिच्या कडेची शोभा त्याच सुमारास बिघडते. हरळी जमिनीलगत धावते, तिच्या पेरापेराला मुळे फुटतात आणि पाहता पाहता ती फरशीवर, फुलांच्या वाफ्यात व झाडांच्या बुंध्यापाशी जाऊन पोहोचते. मधला मोकळा भाग चाकाच्या यंत्राने सारखा करता येतो. पण भिंतीलगत, पायरीखाली किंवा दगडांच्या सांध्यापाशी ते यंत्र शिरत नाही. तेथे पूर्वापार माळ्याची कात्री व विळा चालत आला. आज त्या कामासाठी नायलॉनच्या दोरीने गवत छाटणारे ट्रिमर बाजारात नाना प्रकारचे मिळतात. त्यांतून भरवशाचे कोणते निवडावे, हे ठरविण्यापूर्वी ते चालते कसे, हे समजून घेणे इष्ट होय.

या यंत्राचा जन्म मोठा गमतीदार आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस यांनी 1971 साली मोटार धुण्याच्या केंद्रात गरगर फिरणारे ब्रश पाहिले. झाडाच्या सालीला इजा न होता भोवतालचे गवत कापता येईल काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी पत्र्याच्या एका रिकाम्या डब्याला भोके पाडली, त्यांतून मासे धरण्याची नायलॉनची दोरी ओवली आणि तो डबा फिरत्या यंत्राला जोडला. मऊ दोरी वेगाने फिरू लागली की ताठ होते व तिचे टोक पात्यासारखे कापते. सारे ट्रिमर आजही याच तत्त्वावर चालतात.

हा वेग किती असतो? कापण्याचा व्यास 25 सेंटिमीटर आणि मिनिटाला 8000 फेरे धरले, तर दोरीचे टोक सेकंदाला सुमारे 105 मीटर धावते. गवताच्या कोवळ्या पात्याला एवढा वेग पुरेसा आहे. म्हणून केवळ कडेच्या कामासाठी फार शक्तिमान यंत्र घेण्याचे कारण नाही. मात्र ट्रिमर कडेवर लोंबणारे गवत छाटतो, माती कापण्याचे काम त्याचे नव्हे. कडेची रेघ सरळ उभी कापावयाची असेल तर अर्धचंद्राकृती फाळच हाती घ्यावा.

शक्तीच्या दृष्टीने ट्रिमरचे तीन प्रकार पडतात. तारेवर चालणारा स्वस्त व हलका असतो. परंतु त्याची तार दोरीच्या तडाख्यात सापडण्याची भीती असते. ओल्या गवतावर तो कदापि चालवू नये, आणि त्याच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असावाच. पेट्रोलचा ट्रिमर मोठ्या आवारास योग्य. पण तो जड असतो, आवाज करतो, आणि बहुतेकांत पेट्रोलमध्ये तेल योग्य प्रमाणात मिसळावे लागते. त्यात इंधन महिनोगणती तसेच राहिले तर कार्ब्युरेटर चिकटतो. घरगुती बागेला बॅटरीचा ट्रिमर बहुधा सोयीचा पडतो. तो घेताना साधा हिशेब करावा. 18 व्होल्ट आणि 4 अँपिअर-तास यांचा गुणाकार 72 वॅट-तास होतो. यंत्र 300 वॅट शक्ती घेत असेल, तर ते सुमारे 14 मिनिटे चालेल. आपली कड तेवढ्या वेळात आटोपते की नाही, हे घरीच पाहून ठेवावे.

भरवसा खरोखर अवलंबून असतो तो दोरीच्या रिळावर. काही यंत्रांत रीळ जमिनीवर टेकविले की दोरी पुढे सरकते, तर काहींत ती आपोआप सुटते. गोव्यात व बेळगावकडे बागेच्या कडा जांभ्या दगडाच्या असतात. त्या खरखरीत दगडावर दोरी भराभर झिजते. तेथे दोरी सुलभतेने पुढे न येणारे यंत्र माळ्याला रडकुंडीस आणते. हलक्या यंत्रांत बहुधा 1.2 ते 1.6 मिलिमीटर जाडीची दोरी लागते. त्याच जाडीची दोरी व सुटे रीळ गावातच मिळते काय, हे आधी विचारावे. फार दिवस कोरडी पडलेली दोरी ठिसूळ होते. ती दिवसभर पाण्यात भिजत ठेवल्यास पुन्हा लवचिक होते.

आता महत्त्वाचा मुद्दा. सालीचे रक्षण व्हावे म्हणून सुचलेले हे यंत्र निष्काळजी हाती पडले तर सालीचाच घात करते. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारा थर सालीच्या आतच असतो. दोरीच्या फटकाऱ्यांनी तो सभोवार सोलला गेला, तर मुळे उपाशी राहतात आणि पोसलेले रोप काही काळाने वाळून जाते. यास्तव कोवळ्या झाडाभोवती हातभर जागा गवतविरहित ठेवून तेथे पालापाचोळा पसरावा. तोच तडाखा खड्याला बसला तर खडा गोळीसारखा उडतो. म्हणून दोरीमागील आडोसा भक्कम नसलेले यंत्र कितीही स्वस्त असो, ते घेऊ नये. आणि आडोसा असला तरी डोळ्यांवर चष्मा व पायांत बंद बूट हवेतच.

आपल्याकडे यंत्र विकत घेणारा एक आणि चालविणारा दुसरा असतो. मालक किंमत पाहतो. पाठ दुखते ती माळ्याची, आणि धोका असतो तोही त्याच्याच डोळ्यांना. तेव्हा दुकानात जाताना माळ्यालाच बरोबर न्यावे. दांडा त्याच्या उंचीला पुरतो काय, पाच-दहा मिनिटे धरून हात भरून येतो काय, हे त्याला पाहू द्यावे. चष्म्याचे पैसे यंत्राच्या किमतीतच धरावेत. ज्याच्या हातात ते रोज राहावयाचे, त्याने पसंत केलेले यंत्र बहुधा अधिक दिवस टिकते.