सायकलच्या दुकानातून लोखंडी नांगर

किर्लोस्कर म्हटलं की विहिरीवरचं इंजिन आठवतं. पण लक्ष्मणरावांनी सुरुवात केली ती बेळगावात, सायकलींच्या दुकानातून. बंधू रामूअण्णा जोडीला, म्हणून तर नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स'. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. नांगर मजबूत, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत! पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. (नवं बियाणं घेऊन बांधावर जाणाऱ्या आम्हा मंडळींना याचं नवल नाही.) पुढं बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळ दिला आणि १९१० साली बायकापोरं, कामगार असा सगळा संसार तिथं उतरला. तुरुंगातून सुटलेल्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीला ठेवलं. १९५६ साली ते गेले. रेल्वे स्टेशनचं नाव आजही किर्लोस्करवाडीच.