काडातील इंधन

जबलपूरच्या परिसरात खरिपात भात आणि रब्बीत गहू ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. यंत्राने कापणी केल्यावर धान्य घरी येते. परंतु धसकटे शेतातच उभी राहतात. मध्य प्रदेशात त्यांना ‘नरवाई’ म्हणतात. पुढील पेरणीची घाई असलेला शेतकरी अनेकदा ती पेटवून देतो. त्यामुळे हवा दूषित होते, मातीतील उपयुक्त सूक्ष्मजीव होरपळतात आणि काडातील बहुतेक नत्र हवेत निघून जाते. अशा काडापासून वाहनांचे इंधन मिळवता आले, तर शेतकऱ्याला ते जाळावे लागणार नाही. या दिशेने मुंबईत झालेले संशोधन म्हणूनच महत्त्वाचे आहे.

काडाचा मोठा भाग सेल्युलोज या पदार्थाचा असतो. ग्लुकोज या साखरेचे असंख्य रेणू एकमेकांस जोडले जाऊन सेल्युलोज बनते. धान्यातील स्टार्चही ग्लुकोजचेच असते. मात्र दोहोंतील रेणूंची जोडणी वेगळी असते. त्यामुळे मनुष्याला भात पचतो, पेंढा पचत नाही. गायीला तो पचतो, कारण तिच्या पोटातील सूक्ष्मजीव ही जोडणी तोडतात.

प्रयोगशाळेत हेच कार्य तीन टप्प्यांत होते. सेल्युलोजच्या धाग्यांभोवती लिग्निन या चिवट पदार्थाचे वेष्टन असते. प्रथम उष्णता व रसायने यांच्या साहाय्याने ते सैल करतात. नंतर विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या, मदतीने सेल्युलोजपासून साखर मिळवतात. शेवटी किण्वनाने त्या साखरेचे इथेनॉल हे अल्कोहोल तयार होते. यांपैकी दुसऱ्या टप्प्यासाठी लागणारी विकरे देणारी एक बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर आढळली. अमेरिकी सैन्याचे सुती तंबू ती कुजवीत होती. सैन्याची डोकेदुखी ठरलेली ही बुरशी पुढे इंधन-संशोधनाची साहाय्यक झाली.

विकरे महाग असतात आणि त्यांची क्रिया मंद असते, ही खरी अडचण होती. मुंबईत माटुंगा येथील इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या संस्थेत प्रा. अरविंद लाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर लक्ष केंद्रित केले. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे त्यांना साहाय्य होते. क्रिया पूर्ण झाल्यावर विकरे टाकून न देता ती वेगळी काढून पुन्हा वापरण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. त्यामुळे खर्च कमी होण्याचा मार्ग मोकळा झाला. काडापासून इथेनॉल मिळण्यास पूर्वी काही दिवस लागत. ते काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. या तंत्रज्ञानावर आधारित, दररोज १० टन काड हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे सुरू झाला. पुण्यातील प्राज इंडस्ट्रीज या कंपनीनेही स्वतःचे तंत्रज्ञान विकसित केले. त्यावर आधारित, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या पानिपत येथील मोठ्या कारखान्याचे २०२२ मध्ये उद्घाटन झाले.

तरीही सर्व प्रश्न सुटलेले नाहीत. पेंढा वजनाला हलका, पण जागा फार व्यापणारा असतो. तो अल्पावधीत गोळा करणे, वाहून नेणे आणि वर्षभर कोरडा ठेवणे खर्चिक असते. शेतातील सर्वच काड उचलणेही योग्य नव्हे. काही भाग मातीत मिसळला, तरच तिची सुपीकता टिकते. गुरांच्या वैरणीचाही विचार करावा लागतो.

भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. मात्र हे इथेनॉल मुख्यतः ऊस, मका व तांदूळ यांपासून मिळालेले आहे. अन्न, पाणी आणि जमीन यांवर ताण न आणता इंधन हवे असेल, तर काडाकडेच वळावे लागेल. शेतकऱ्याला त्या काडाचा रास्त मोबदला मिळाला, तर नरवाई पेटवण्याचे कारणच उरणार नाही.